सात नंबरच्या पेशी

“वाढायलंय का आमचं?” अंबादास येमूल यांनी दारातूनच विचारलं.

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. खाली तपासणी झाली की ते जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आमच्या प्रयोगशाळेत येत. लिफ्ट होती, पण ती पेशंटसाठी आहे असं ते म्हणत, आणि मग तुम्ही कोण, असं त्यांना विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. चपला बाहेर काढून ठेवत. खरं तर प्रयोगशाळेत अनवाणी येऊ नये असा आमचा नियम होता. मी दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं.

“वाढतंय. जोरात,” मी म्हटलं. “या, दाखवते.”

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक. सोलापुरातल्या एका डाईंगमध्ये एकतीस वर्षं सूत रंगवण्यात गेलेली. नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती, तरी नखांच्या कडेला निळसर रेघ होती. त्या रंगांनीच त्यांच्या मूत्राशयाचं वाटोळं केलं असणार असं आमचे सर्जन डॉ. हिरेमठ म्हणत. गाठ तीनदा आली होती आणि तीनदा दुर्बिणीतून खरवडून काढली होती. तिसऱ्या वेळचा एक तुकडा सप्टेंबरमध्ये बर्फात घालून माझ्याकडे आला. आमच्या वहीत पेशंटची नावं लिहायची नसतात, नंबर असतात. येमूल सात नंबर होते, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

“ह्यातल्या मूळवाल्या कुठल्या?” त्यांनी विचारलं.

“नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. रंग घालावा लागतो.”

हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं, पण त्यांना ते पुन्हा ऐकायला आवडे. गाठ खरवडली तरी परत येते, कारण तिच्यातल्या थोड्या पेशी मूळ पेशींसारख्या वागतात. शंभरात एखादी. बाकीच्या मेल्या तरी ती उरते आणि पुन्हा सगळा संसार मांडते. तिला वेगळी काढायची आणि तिचा स्वभाव ओळखायचा, हे माझं पीएचडीचं काम. तिची खूण अशी, की एक निळा रंग घातला तर साध्या पेशी तो पिऊन बसतात आणि ही तो बाहेर फेकून देते. रंगवलेल्या पेशी बर्फाच्या डब्यात घालून मी एसटीने पुण्याला न्यायची, तिथल्या यंत्रात रंग न धरलेल्या तेवढ्या निवडून घ्यायची आणि परत आणून वाढवायची.

“एकतीस वर्षं मी रंग धरवायचं काम केलं,” येमूल म्हणाले, “आणि माझ्याच पोटात हे न धरणारं निघालं.” मग डोळा न काढताच म्हणाले, “सूत रंग धरत नसंल तर दोनच कारणं असतात, ताई. सूत तेलकट, न्हाईतर सूत दुसऱ्याच जातीचं.”

त्यांनी शेजारची बाटली दाखवली. “ही कुणाची?”

“ती आजी.” मी हसले. “परदेशातल्या एका बाईच्या मूत्राशयातल्या पेशी आहेत. बाई कधीच्या काळी गेली. पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. तुलनेसाठी आम्ही पण ठेवल्यात. आम्ही तिला आजी म्हणतो.”

त्यांनी आजीची बाटली मागितली. ती पाहिली, मग पुन्हा स्वतःची, मग पुन्हा आजीची. माझा पुढचा प्रयोग खोळंबला होता, पण त्यांना घाई करायला जीव होईना.

“दोन्ही एकाच लॉटच्या वाटतात,” ते म्हणाले.

“दोन्ही मूत्राशयाच्याच कॅन्सरच्या ना. सारख्या दिसणारच.”

“असंल,” ते म्हणाले. “आमच्यात लॉट मिसळला की चादरीत पट्टा पडतो. सूत एकच, शेड एकच, पण लॉट दुसरा. ओलं असताना कुणाला दिसत न्हाई. मला दिसायचं. एकदाच चुकलो. ती चादर हाय घरी, एकदा दाखवतो तुम्हाला.”

मी बाटल्या उचलून परत उबेच्या कपाटात ठेवल्या. खरं सांगायचं तर मला थोडी मौज वाटली. पाच वर्षं पेशी पाहणारी मी, आणि हे मला लॉट शिकवत होते.

ते निघतील असं वाटलं, पण त्यांनी स्टूल ओढलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. डॉ. हिरेमठांचं अक्षर. गाठ चौथ्यांदा आली होती, आणि या वेळी तिचा पसारा वाईट दिसत होता.

“म्हणतात, लघवीची पिशवीच काढून टाकायची आणि पोटावर बाहेरून दुसरी चिकटवायची. जन्मभर.”

“मग काढून टाका. जिवापेक्षा ते बरं.”

“नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो आमचा. एकवीस वर्षं त्याचा दोर माझ्या हातात हाय, ताई. पोटावर लघवी बांधून दोराला हात लावू?”

 त्यांची बायको भूदेवीबाई मागे एकदा खाली तपासणीच्या रांगेत भेटल्या होत्या. ह्यांना देवापेक्षा तो दोर प्यारा आहे, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

“दुसरा एक मार्ग हाय म्हणतात,” ते म्हणाले. “नळीनं आत औषध सोडायचं. दर गुरुवारी, सहा वेळा. पण हिरेमठ डॉक्टरांचा त्याच्यावर भरवसा न्हाई.” कागदावर खाली औषधाचं नाव होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. “हे तुमच्या बाटलीत घातलं का कधी?”

घातलं होतं. महिन्याभरापूर्वी. आणि आलेला आलेख मी इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटले तरी दिसायचा. माझ्या सात नंबरच्या मूळ पेशी, ज्या कशानेच मरत नाहीत म्हणून प्रसिद्ध, त्या या औषधाने पटापट मरत होत्या. त्यावरच आमचा शोधनिबंध उभा राहिला होता आणि परदेशातल्या एका नियतकालिकाकडे गेला होता.

“घातलं,” मी म्हटलं.

“काय झालं?”

“दहातल्या नऊ मेल्या.”

“मूळवाल्या?”

“मूळवाल्याच.”

बाटलीतलं वेगळं आणि पोटातलं वेगळं, हेही मी त्यांना सांगितलं. पण ते नंतर सांगितलं, आणि हळू सांगितलं. तोवर ते उठून चपला शोधत होते. चेहरा असा उजळला होता की त्यावर पाणी ओतायला माझं मन धजलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता. माझ्या हातून कुणाचा तरी जीव वाचणार, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी हिरेमठांचा फोन आमच्या सरांना आला. डॉ. टेंबे म्हणजे माझे मार्गदर्शक. “तुमच्या मुलीनं माझ्या पेशंटला काय सांगितलं?” एवढं मला इकडे ऐकू आलं. सरांनी मला नजरेनेच बस म्हणून खुणावलं आणि फोनवर म्हणाले, “निष्कर्ष आशादायक आहेत, एवढं खरं.” हिरेमठ म्हणाले की सहा गुरुवार देतो, सातवा नाही.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी औषध सुरू झालं.

नियतकालिकाने निबंध परत पाठवला नाही, फक्त एक अट घातली. या पेशी त्याच रुग्णाच्या आहेत याचा पुरावा म्हणून दोन्हींचा डीएनए जुळवून दाखवा. तेव्हा असं मागायची नुकती सुरुवात झाली होती. सरांना ती कटकट वाटली, मलाही. मी येमूलांचं रक्त घेतलं, सात नंबरच्या पेशी घेतल्या, ओळखीची म्हणून आजीही सोबत दिली आणि सगळं हैदराबादला पाठवून दिलं.

रक्त देताना ते म्हणाले, “पेशी माझ्या, रक्त माझं. जुळंल की. त्यात काय बघायचं?”

“कागदाला लागतं,” मी म्हटलं.

तीस मार्च, सोमवार. अहवाल आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी पेशींना खाऊ घालत होते. ते काम संपवून, हात धुऊन मी तो उघडला. तीन रकाने होते. येमूलांचं रक्त, सात नंबर आणि आजी. पहिला रकाना कशाशीच जुळत नव्हता. दुसरा आणि तिसरा आकड्याला आकडा एक होते.

मी तो कागद छापला आणि पट्टी ठेवून ओळीने पुन्हा वाचला. सात नंबर म्हणून गेले पाच महिने मी जे वाढवत होते, निवडत होते, रंगवत होते आणि ज्यावर औषध घालून आनंदाने नाचत होते, ती आजी होती.

कसं झालं हे आठवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

पेशींचं काम करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात. प्रत्येक पेशीची खाद्याची बाटली वेगळी. एका बाटलीतलं खाद्य दोघींना घालायचं नाही, कारण पिपेटच्या टोकाने एखादी पेशी बाटलीत गेली तर ती पुढच्या घरी जाते. आणि आजीसारख्या दांडग्या पेशी असतील तर त्यांना सगळ्यात शेवटी हात लावायचा. हा नियम मी दोन वर्षं इतरांना शिकवत होते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सात नंबरची खाद्याची बाटली संपली. नवं खाद्य यायला चार दिवस होते, आणि पाच वाजताच्या गाडीने मला घरी जायचं होतं. आजीच्या बाटलीत तळाला थोडं उरलं होतं. आजीला घालून झालं होतं. पिपेट मी बदलली नाही, कारण ती आजीच्या पेशींना लागली नव्हती, अशी माझी खात्री होती. त्याच पिपेटने उरलेलं सात नंबरला घातलं. एकदाच.

सात नंबरच्या खऱ्या पेशी तोवर जेमतेम तग धरून होत्या. दिवाळीनंतर आले तर बाटली भरायला लागली होती. मी सरांना जाऊन म्हटलं, “सर, दिवाळी पावली.” सरांनी पेढे आणवले.

मग आणखी एक आठवलं. जानेवारीत पुण्याला गुणसूत्रं पाहिली होती, तेव्हा सात नंबरमध्ये पुरुषाचं वाय गुणसूत्र सापडलं नव्हतं. मी घाबरून सरांना सांगितलं. सर म्हणाले, “या कॅन्सरमध्ये गळतो वाय. फार जणांचा गळतो.” ते खोटं नव्हतं, पुस्तकात तसंच आहे. मी पण पान उघडून खात्री केली आणि निश्चिंत झाले. आपल्याला हवं ते पुस्तकात सापडलं की माणूस पुढचं पान उलटत नाही.

शीतपेटीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोठवलेली एकच कुपी होती, दिवाळीच्या आधीची, खऱ्या येमूलांची. ती मी त्याच दुपारी वितळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळा चुरा होता. जिवंत एकही नव्हती.

संध्याकाळी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी अहवाल पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. टेंबेसर वाईट माणूस नव्हते. पंधरा वर्षं त्यांनी त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्याने ही प्रयोगशाळा चालवली होती आणि निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. या निबंधाची त्यांनी माझ्याहून जास्त वाट पाहिली होती.

“आजी,” ते म्हणाले.

“हो सर.”

“हैदराबादवाल्यांनी नमुन्यांची अदलाबदल केली असेल. तसं होतं. दुसरीकडे पाठव. तातडीने.”

“पाठवते. पण येमूलांना सांगायला हवं. ते माझ्या भरवशावर थांबलेत.”

“अजून आपलीच खात्री नाही, तर सांगायचं काय?”

“हिरेमठसरांना तरी.”

“हिरेमठ उद्या सगळ्या हॉस्पिटलमध्ये डांगोरा पिटेल. वैजयंती, औषध चालू आहे ना? औषध काही विष नाही. वापरात असलेलं औषध आहे. तुझ्या पेशी खोट्या निघाल्या म्हणून औषध खोटं होत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “दुसरा अहवाल येऊ दे. तोवर कुणाला नाही.”

मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. जिन्यात थांबले. तेव्हा मला काय वाटलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. सरांनी थांबायला सांगितलंय, आता माझ्या हातात काही नाही, असं वाटून मला चक्क भूक लागली. खाली कँटीनमध्ये जाऊन मी उप्पीट खाल्लं.

गुरुवारी पाचवं औषध होतं. साडेबाराला जिन्यात पावलं वाजली. आज ती हळू होती, मध्ये दोनदा थांबली.

“वाढायलंय का आमचं?”

ते दारात उभे होते. चपला काढताना भिंतीला हात टेकला होता. औषधाची आग होत असणार. चेहरा फिका पडला होता, तरी हसत होते.

सांगायचं असतं तर तेव्हाच. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

“हो,” मी म्हटलं. “वाढतंय.”

“बघू?”

“आज नको. आज हात लावायचा नाहीये त्यांना.”

“बरं बरं,” ते म्हणाले. “झोपल्यात म्हणा की.” आणि चपला घालून गेले.

पुढच्या गुरुवारी, सहाव्या औषधाच्या दिवशी, मी साडेबाराच्या आधीच थंड खोलीत जाऊन बसले. चार अंशांच्या त्या खोलीत अंगावर सुती ओढणी घेऊन मी पाऊण तास कुप्यांवरचे नंबर पुसून पुन्हा लिहीत होते. बाहेर आले तेव्हा दारात चपलांची धूळ होती आणि टेबलावर कागदात बांधलेले दोन पेरू होते.

दुसरा अहवाल शुक्रवारी, दहा एप्रिलला आला. तेच. आकड्याला आकडा. सर एवढंच म्हणाले, “निबंध मागे घेतो.” त्यांनी तो स्वतः मागे घेतला, हिरेमठांना फोनही स्वतः केला. येमूलांना मी सांगेन, असं मी म्हटलं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन. बस चौकात सोडते, तिथून पुढे पूर्व भागातल्या गल्ल्यांतून मैलभर चालत. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत भूदेवीबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आधी तांब्याभर पाणी आणलं. येमूल आत पलंगावर होते, ते उठून बसले.

“ताई? उन्हाची?”

मी सगळं सांगितलं. दिवाळी, बाटली, पिपेट, आजी. शब्द सोपे करत सांगितलं, पण त्यांना सोपं करून सांगायची गरज नव्हती. मध्ये त्यांनी एकदाच थांबवलं.

“म्हणजे लॉट मिसळला.”

“हो.”

“आणि ते दहातले नऊ?”

“ते तुमचे नव्हते. तुमच्या पेशींना ते औषध लागू पडतं की नाही, हे मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं.”

“माझ्या कुठं गेल्या मग?”

“मेल्या. पहिल्या दोन महिन्यांतच.”

त्यांनी बेंबीखाली हात ठेवला. “हितं तर मरेनात,” ते म्हणाले.

भूदेवीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, लांबलचक, आवाज न चढवता. येमूलांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग माझ्याकडे वळले.

“कधी कळलं हे तुम्हाला?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. बसमध्ये मी त्याचं उत्तर तयार केलं होतं, आणि ते खरं होतं. तीस मार्चला, म्हणजे दुसऱ्या अहवालाच्या अकरा दिवस आधी, असं मी म्हणणार होते. पण समोर भूदेवीबाई उभ्या होत्या, घशात त्यांनीच दिलेलं पाणी होतं, आणि येमूल माझ्याकडे रागाने बघत नव्हते. रागाने बघत असते तर कदाचित मी खरं बोलले असते.

“काल,” मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. मग उठले, भिंतीतल्या कपाटाशी गेले आणि खालच्या कप्प्यातून एक चादर काढली. डाळिंबी रंगाची, कधी न वापरलेली, घड्या तशाच करकरीत. ती त्यांनी पलंगावर पसरली. मधोमध चार बोटं रुंदीचा एक पट्टा होता. रंग तोच, पण किंचित मेलेला. एकदा दिसला की दुसरं काही दिसेना.

“ही ती,” ते म्हणाले. “चौऱ्याऐंशी साली. सगळा माल असा निघाला. कुणी बघितलं नव्हतं अजून. मी त्याच दिवशी मालकापुढं जाऊन उभा राहिलो, म्हणलं, माझ्या हातून लॉट मिसळला. त्यानं ही माझ्या तोंडावर फेकली. पण कामावर ठेवलं.” त्यांनी चादरीची पुन्हा घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. “चुका होतात, ताई. काल कळलं आणि आज उन्हाची आलात. दुसरं कुणी आलं नसतं. घ्या ही.”

“मला नको.”

“घ्या. माझ्यामागं हिचं काय करायचं हे कुणाला कळणार न्हाई.”

मी ती चादर घेतली. परतीच्या बसमध्ये ती मांडीवर होती आणि तिच्याखाली पाय घामाने भिजले होते.

वीस एप्रिलला हिरेमठांनी त्यांना शस्त्रक्रियेसाठी घेतलं. येमूलांनी या वेळी रथाचं नाव काढलं नाही. पोट उघडलं, तर गाठ मूत्राशयाची भिंत ओलांडून मागे पसरली होती. तासाभरात पोट पुन्हा शिवलं. मी शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर होते. हिरेमठ टोपी काढत बाहेर आले, तेव्हा मी त्यांना फक्त एक विचारलं.

“सर, अकरा दिवसांनी काही फरक पडला असता?”

“अकरा दिवसांनी नाही,” ते म्हणाले. “फेब्रुवारीत केलं असतं तर पडला असता.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, “अकरा कुठून आले?”

“काही नाही,” मी म्हटलं. ते घाईत होते.

आषाढात येमूल गेले. नारळी पौर्णिमेला महिना होता.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. नवा विषय घेऊन मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पदवी चार वर्षं उशिरा मिळाली. आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, दुसऱ्या गावात, आणि तिथे नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी मी कपाटातून ती चादर काढते. पट्टा दाखवते, दिवाळीच्या बाटलीची गोष्ट सांगते, पिपेट बदलली नव्हती हेही सांगते. मुली गंभीर होतात. मॅडम स्वतःची चूक किती मोकळेपणाने सांगतात, असं त्या बाहेर बोलतात, ते माझ्या कानावर येतं. बाटलीची चूक सांगायला मला कधीच जड गेलं नाही. ती कुणाच्याही हातून झाली असती. तीस मार्च ते दहा एप्रिल मात्र त्या गोष्टीत नाही.

येमूलांचं दिवसकार्य झाल्यावर भूदेवीबाई एकदा प्रयोगशाळेत आल्या होत्या. दाखल्यावर हिरेमठांची सही हवी होती, त्यासाठी खाली आल्या होत्या, तशाच वर आल्या. चपला बाहेर काढल्या. नवऱ्याने सांगितलं होतं ते सूक्ष्मदर्शकाचं टेबल कोणतं, म्हणून विचारलं. मी दाखवलं. त्या जवळ गेल्या, हात न लावता पाहिलं आणि मागे सरल्या.

“त्यात बघून ते घरी येऊन सांगायचे,” त्या म्हणाल्या. “मला काय कळायचं न्हाई.”

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

“शेवटी शेवटी फार चिडायचे हो. डॉक्टरवर, माझ्यावर, देवावर पण. रथाचं नाव काढलं की भांडं फेकायचे.” त्यांनी पदर सावरला. “तुमच्यावर कधी न्हाई. गल्लीत कुणी काय बोललं तुमच्याबद्दल, तर म्हणायचे, तिचं नाव घ्यायचं न्हाई. ती कळल्या दिवशी उन्हातनं चालत आली.”

त्या माझ्याकडे पाहत होत्या. डोळ्यांत काही प्रश्न होता की नव्हता, मी ते बघायला थांबले नाही. मी वळून हात धुवायच्या नळाशी गेले, नळ सोडला आणि पाठमोरीच विचारलं, “चहा घेणार का?”